गोव्यात फॅमिलीसाठी व्हिला बघताय? आधी गाव ठरवा, घर नंतर

लग्न होऊन साताऱ्याहून म्हापशाला आले त्याला १९ वर्षं झाली आणि तेव्हापासून दर दिवाळीच्या आधी आणि दर एप्रिलमध्ये फोनवर एकच मेसेज येतो, माहेरच्यांचा, मैत्रिणींचा, मिस्टरांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी मेहुण्यांचा, "आम्ही दहा-बारा जण येतोय, हा व्हिला बघ, कसा आहे?" आणि खाली स्विमिंग पूलचे सहा फोटो. मी दरवेळी आधी हेच विचारते, बरोबर कोण कोण येतंय? कारण घर चांगलं की वाईट हे फोटोत दिसतं, पण ते ज्या गावात आहे ते गाव तुमच्या माणसांना झेपेल का हे फोटोत कुठेच दिसत नाही.

माझ्या सख्ख्या भावाचंच सांगते. ११ माणसं, त्यात आमची आई ७६ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे, आणि वहिनीचा भाचा अडीच वर्षांचा. मला न विचारता आसगावात सुंदर जुनं घर घेतलं, पूल, आंब्याचं झाड, सगळं. जाहिरातीत लिहिलेलं "बीच १० मिनिटं". ती १० मिनिटं गाडीची होती, आणि तीसुद्धा मे महिन्यातल्या पहाटेची असणार, कारण हे आले डिसेंबरच्या २६ तारखेला आणि संध्याकाळी वागातोरला जायला ४० मिनिटं लागली. प्रत्येक वेळी दोन टॅक्स्या, खोल्या सगळ्या वर, आणि लाकडी जिना. आईने पाच दिवसांत समुद्र एकदाच बघितला. मला ते अजून लागतं. म्हणून आता कुणी विचारलं की मी ज्या क्रमाने बघायला सांगते तो सगळा इथे लिहून ठेवतेय.

सुरुवात माणसांपासून

कागद घ्या आणि येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा, पुढे वय, आणि त्याच्या पुढे त्या माणसाचा सकाळी सहा ते रात्री दहा दिवस कसा जातो ते थोडक्यात. आजोबांना सकाळी चालायला लागतं का, लहान मूल दुपारी झोपतं का, कुणाचं डायलिसिस किंवा इन्सुलिन आहे का, कुणी शुद्ध शाकाहारी आहे का, कॉलेजच्या पोरांना रात्री बाहेर जायचंय का. मग त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आणि सगळ्यात लहान अशा दोन नावांवर गोल करा. गाव त्या दोघांसाठी निवडायचं. बाकीची मंडळी गाडी काढून कुठेही जाऊ शकतात, हे दोघं जाऊ शकत नाहीत.

अजून एक गोष्ट लिहायची जी आपल्या लोकांत हमखास असते आणि प्लॅन करताना कुणाला आठवत नाही, ती म्हणजे कुलदैवत. मंगेशी, म्हाळसा, शांतादुर्गा, नागेशी, रामनाथी ही सगळी फोंडा तालुक्यात, म्हणजे समुद्रापासून आत. पणजीहून मंगेशी साधारण २०-२२ किलोमीटर आहे, पण दक्षिण टोकाच्या काणकोण तालुक्यातल्या पाळोळ्याहून तोच प्रवास दीड-दोन तासांचा होतो. ओटी भरायची, अभिषेक करायचा असेल तर सकाळी लवकर पोचावं लागतं, म्हणजे सगळ्यांना आंघोळी करून सहाला निघावं लागतं, आणि १२ माणसं दोन बाथरूमवर सहाला तयार होत नाहीत. देवदर्शन मुख्य असेल तर काणकोण घेऊ नका, एवढं साधं आहे.

महिना बघा, कारण महिन्याप्रमाणे गाव बदलतं

नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हवा उत्तम, समुद्र शांत, शॅक म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं सुरू. त्यातही २० डिसेंबर ते साधारण ५ जानेवारी हा काळ वेगळाच धरायचा, भाडी दुप्पट-तिप्पट होतात आणि कळंगुट-बागा-हणजूण पट्ट्यातले रस्ते अक्षरशः तुंबतात, त्या दिवसांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन यायचंच असेल तर सासष्टीत, म्हणजे मडगावकडच्या किनाऱ्याला, नाहीतर काणकोणात जा.

एप्रिल-मे शाळांच्या सुट्ट्या, म्हणून आपले लोक तेव्हाच येतात. उकाडा, घाम आणि मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागलेला. याच दिवसांत किनाऱ्यावर डांबराच्या काळ्या गोळ्या येतात, समुद्रात जहाजांनी सोडलेलं तेल घट्ट होऊन वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागतं त्या, पायाला चिकटल्या की साबणाने जात नाहीत, खोबरेल तेल चोळून पुसायच्या. बाटली बरोबर ठेवा.

जून ते सप्टेंबर समुद्रात उतरायचं नाही, शॅकही पाडलेले असतात. तरी मला स्वतःला पावसाळ्यातला गोवा सगळ्यात आवडतो, पण तेव्हा समुद्राजवळचा व्हिला घेण्यात अर्थ नाही, खारा वारा, दमट गाद्या, आणि बघायचं काय तर लाल झेंडा. तेव्हा शेताच्या कडेचं घर घ्या, हळदोणे, मयडे, शिवोली, साळगाव या बाजूला, आणि बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीत, बसून पाऊस बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा मासळी कमी आणि महाग, फक्त मासे खायला येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि चवथ. गणपतीची सुट्टी जोडून बरेच लोक येतात, पण गोव्यात चवथ हा सगळ्यात मोठा सण, दुकानं बंद, स्वयंपाकाच्या मावशी आपापल्या गावी, टॅक्सीवाले घरी. त्या चार-पाच दिवसांत व्हिलात कामाला कोण असेल हे आधी विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

येणार कुठून?

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि इथे फार लोक चुकतात. जुना दाबोळी, वास्कोजवळ, आणि दुसरा मोपा, पेडणे तालुक्यात, जो ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. तिकीट बुक करताना स्वस्त दिसलं म्हणून मोपा घेतात आणि व्हिला पाळोळ्याला, म्हणजे अख्खा गोवा उत्तर-दक्षिण ओलांडायचा, सामान-मुलं घेऊन अडीच-तीन तास. मोपाला उतरणार असाल तर पेडणे आणि बारदेस, म्हणजे मोरजी, मांद्रे, शिवोली, आसगाव, कांदोळी ही गावं. दाबोळीला उतरणार असाल तर माजोर्डा-कोलवा-बाणावली पट्टा अगदी सोयीचा.

रेल्वेचं पण तसंच. मुंबईहून येणारी वंदे भारत थिवीला थांबते आणि मडगावला संपते. बारदेस आणि पेडण्यासाठी थिवी, पणजीसाठी करमळी, सासष्टीसाठी मडगाव. काणकोणला स्टेशन आहे पण तिथे थांबणाऱ्या गाड्या कमी, बहुतेकांना मडगावला उतरून पुढे ३५-४० किलोमीटर जावं लागतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाईमटेबल वेगळं असतं आणि गाड्या हळू चालतात, ते बघूनच टॅक्सी ठरवा.

गाडीने येणारे पुणे-कोल्हापूरवाले निपाणी-आजरा-आंबोली-सावंतवाडी करून पत्रादेवीला गोव्यात शिरतात, म्हणजे पेडणे तालुका पहिला लागतो. मुलांना आंबोलीच्या वळणांत उलट्या होतात, त्यानंतर अजून दोन तास दक्षिणेला नेणं मला तरी जिवावर येतं. स्वतःची गाडी असणं ही मात्र मोठी गोष्ट आहे, कारण इथे ओला-उबर नाही. गोवामाइल्स ॲप आहे, स्थानिक टॅक्सी आहेत, पण पुण्या-मुंबईच्या रिक्षासारखं हात केला की थांबेल असं काही नाही आणि भाडं जास्त. गाडी नसेल तर रोजच्या दोन टॅक्सींचा खर्च व्हिलाच्या भाड्यात मिळवा आणि मग तुलना करा. समुद्रापासून लांबचा "स्वस्त" व्हिला बऱ्याचदा इथेच महाग पडतो. गाडी भाड्याने घ्याल तर काळ्या नंबर प्लेटची घ्या, तीच कायदेशीर भाड्याची. साध्या पांढऱ्या प्लेटची कुणाची खाजगी गाडी भाड्याने घेतली तर दंड आणि अपघात झाला तर इन्शुरन्सची पंचाईत.

आता एकेक पट्टा

पेडणे तालुका, उत्तरेकडचं टोक. केरी, हरमल, मांद्रे, अश्वे, मोरजी. मोठमोठे मोकळे किनारे, आणि मोपा जवळ. यातलं मांद्रे मला फॅमिलीसाठी सगळ्यात बरं वाटतं, पण एक अडचण आहे, तिथे गाव आणि किनारा यांच्यामध्ये ओहोळ वाहतो आणि बऱ्याच ठिकाणी तो बांबूच्या साकवावरून ओलांडावा लागतो, पुढे वाळूचे उंचवटे. तरुणांना मजा येते, काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला नाही जमत. मांद्र्यात घर बघताना आजीला गाडीतून कुठपर्यंत नेता येईल हे मालकाला विचारा. मोरजीला कासवं येतात अंडी घालायला, साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्या भागात दिवे-आवाजावर बंधनं आहेत, मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे, लांबून. पण मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते, तिथे पाण्यात उतरायचं नाही. अश्व्याच्या रस्त्यावर क्लब वाढलेत, रात्रीचा आवाज आहे. हरमल संध्याकाळी छान पण पार्किंगची मारामार. केरीला सुरूचं बन आहे, पलीकडे तेरेखोल, फेरीने जाता येतं, एक दिवसाची उत्तम सहल, पण पोहायला केरी नको, ओढ वाईट आहे तिथे.

बारदेसचा समुद्रकिनारा. वागातोर-हणजूण खडकाळ, किनाऱ्यावर उतरायला चढ-उतार, आणि रात्री संगीत. कॉलेजच्या ग्रुपला ठीक, आजी-आजोबांना घेऊन तिथे राहू नका. बागा-कळंगुट म्हणजे गर्दी, पॅरासेलिंग, जेट स्की, खाण्याची शंभर दुकानं, शाकाहारी थाळीसुद्धा सहज मिळते, एक संध्याकाळ फिरायला हरकत नाही. कांदोळी-शिकेरी मात्र मी सुचवते. किनारा रुंद, रस्त्यापासून सपाट चालत जाता येतं, मेडिकल, एटीएम, डॉक्टर सगळं हाताशी, आग्वाद किल्ला जवळ, तिथली जुनी जेल आता म्युझियम केलीय, स्वातंत्र्यसैनिकांना जिथे ठेवलेलं त्या कोठड्या मुलांना जरूर दाखवा. कांदोळीचं पाणी मात्र लवकर खोल होतं, मुलांना घोट्यापर्यंतच. मागच्या बाजूला नेरूलला नदीकाठी घरं आहेत, शांत, आणि कांदोळीच्या मानाने स्वस्त, पण खाजनाजवळ, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सखल शेतांजवळ, आहेत म्हणून संध्याकाळी डास भरपूर.

बारदेसची आतली गावं. आसगाव, शिवोली, साळगाव, पर्रा, हळदोणे, मयडे. सगळ्यात देखणी घरं इथेच, आणि "गोवा व्हिला" शोधल्यावर पहिले फोटो येतात ते बहुतेक यांचेच. समुद्र हे मुख्य कारण नसेल, नुसतं एकत्र बसायचं, पत्ते, गप्पा, पूल, जेवण असेल तर ही गावं फार सुंदर. म्हापसा बाजार जवळ, थिवी स्टेशन जवळ. पण गल्ल्या अरुंद, टेम्पो ट्रॅव्हलर आत वळत नाही, सामान शंभर-दोनशे मीटर ओढत न्यावं लागतं. या सगळ्यांत मला शिवोली समतोल वाटतं, पूल ओलांडला की चोपडे आणि पुढे मोरजी, अलीकडे म्हापसा.

पणजीच्या आजूबाजूला, दोनापावला, ताळगाव, बांबोळी, शिरदोण, इकडे सुट्टीसाठी कुणी बघतच नाही. पोहण्याचे किनारे नाहीत हे खरं. पण घरात हार्टचा पेशंट असेल, कुणाचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज १५-२० मिनिटांवर असणं याची किंमत वेगळी आहे. शिवाय फोंडा जवळ, मिरामारला संध्याकाळी सपाट रस्त्याने चालणं होतं, दोन्ही दिशेच्या सहली सारख्याच अंतरावर. मैत्रिणीच्या वडिलांना बायपासनंतर चार महिन्यांनी आणलं होतं तेव्हा मी हट्टाने इथेच घर बघायला लावलं आणि सगळे निर्धास्त राहिले.

सासष्टी, आणि तिला लागून मुरगावचा थोडा किनारा. वेळसांवपासून मोबोरपर्यंत जवळजवळ २५ किलोमीटर सलग वाळू. आरोशी, उतोर्डा, माजोर्डा, बेतालभाटी, कोलवा, बाणावली, वार्का, केळशी. तीन पिढ्या एकत्र येणार असतील तर माझं पहिलं उत्तर हेच असतं, त्यातही बेतालभाटी ते बाणावली हा तुकडा. जमीन सपाट, किनाऱ्यापर्यंत गाडी जाते, ओहोटीला वाळू इतकी घट्ट होते की मुलं सायकल चालवतात, मडगाव आठ-दहा किलोमीटरवर म्हणजे मोठं जिल्हा हॉस्पिटल, मोठा मासळी बाजार, स्टेशन सगळं जवळ. कोलव्याला शनिवार-रविवार गर्दी असते, दीड-दोन किलोमीटर बाजूला सरकलात की माणूस दिसत नाही. एक गोष्ट बघाच, मडगाव-वास्को रेल्वेलाईन माजोर्ड्यावरून वेळसांवकडे गावांना लागून जाते, रात्री मालगाड्या असतात, नकाशावर घर आणि रूळ यातलं अंतर मोजा. आणि अगदी दक्षिणेला मोबोरला साळ नदीचं मुख आहे, तिकडे पाण्यात नको.

काणकोण. आगोंद, पाळोळे, पाटणे, तळपण, गालजीबाग. गोव्यातलं सगळ्यात सुंदर समुद्रदृश्य इथे आहे, डोंगर सरळ पाण्याला भिडलेला. पाळोळ्याचा किनारा दोन्ही बाजूंनी टेकड्यांनी अडवलेला, पाणी उथळ आणि शांत, म्हणून पाण्याची भीती असलेल्या मुलांना मी इथेच नेते. उत्तरेच्या टोकाला छोटं बेट आहे, पूर्ण ओहोटीला चालत जाता येतं, भरती लागायच्या आत परत फिरायचं. पाटणे त्याहून निवांत. आगोंद दिसायला स्वप्नासारखं पण पाणी लगेच खोल आणि ओढ जबरदस्त, तिथे बसायचं, बघायचं, पोहायचं नाही. या भागात मोठे व्हिला कमी, हट्स आणि छोटी घरं जास्त, १२ माणसं एका छपराखाली हवी असतील तर सहा महिने आधी बघायला लागा. मोठं हॉस्पिटल मडगावलाच. निदान चार रात्री असतील तरच इथे या, दोन रात्रींसाठी एवढं लांब येऊन नुसता प्रवास होतो.

नकाशावर स्वतः तपासा

दोन गावं पक्की झाली की मग घरं बघा. मालक अचूक पिन देत नाहीत म्हणतात, निदान जवळचं चॅपल, देऊळ, दुकान विचारा. मग सॅटेलाइट व्ह्यू लावा. समुद्रापर्यंतची वाट कुठून जाते ते बोटाने चालून बघा, "८०० मीटर" हे बऱ्याचदा कावळा उडतो तसं मोजलेलं असतं, मध्ये ओहोळ, शेत नाहीतर कुणाचं कंपाउंड असलं की तेच दोन किलोमीटर होतं. गाडीची वेळ बघताना शनिवार संध्याकाळ सहा ही वेळ टाकून बघा, सकाळची नको. आजूबाजूला निळ्या पत्र्यांची बांधकामं दिसतात का, कारण बारदेसात सध्या प्रत्येक गल्लीत काहीतरी बांधतायत आणि सकाळी आठला ड्रिलिंग सुरू होतं. क्लब किती लांब ते बघा. उघड्यावर मोठ्या आवाजाला रात्री १० ची मर्यादा आहे, पण मूल झोपवायचं साडेआठला असतं. रिव्ह्यूमध्ये आवाज, डास, पाणी, लाईट, जिना हे शब्द शोधून तेवढेच वाचा, "अमेझिंग स्टे" वाचण्यात वेळ घालवू नका.

घराबद्दल मालकाला विचारायचं

सगळ्यात आधी, पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का आणि नंबर काय. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पाहुणे ठेवणाऱ्या घराची नोंदणी करावी लागते. खरा मालक नंबर लगेच देतो, जो टाळाटाळ करतो तिथे थांबा. दुसऱ्याच्या घराचे फोटो लावून ॲडव्हान्स घेऊन गायब होणारे पण आहेत, म्हणून व्हिडिओ कॉल करा आणि सांगा की गेटपासून सुरू करून रस्त्यापर्यंत चालत दाखवा, मग एक खोली, मग बाथरूम. सगळे पैसे आधी कुणाच्या पर्सनल खात्यावर टाकू नका.

मग झोपण्याचं. "३ बीएचके, १० माणसं" याचा अर्थ सहा जण पलंगावर आणि चार जण हॉलमध्ये गादीवर. ठीक आहे, आपल्याला चालतं, पण हॉलमध्ये एसी आहे का? खालच्या मजल्यावर बेडरूम आणि त्याला लागून कमोडचं बाथरूम आहे का, उंबरा-पायऱ्या किती, कठडा आहे का. जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरांना बलकांवाच्याच पाच-सहा उंच पायऱ्या असतात. लाईट जाते, विशेषतः मे महिन्यात आणि पहिल्या पावसात, तेव्हा इन्व्हर्टरवर नुसते पंखे-दिवे चालतात की जनरेटरवर एसी चालतो. पाणी नळाचं, विहिरीचं की टँकरचं, आणि टँकर संपला तर रात्री नऊला कोण आणून देतं.

पूलबद्दल मी कडक आहे. व्हिलाच्या पूलला लाइफगार्ड नसतो, बऱ्याच ठिकाणी कुंपणही नसतं, आणि हॉलचं काचेचं दार थेट पूलवर उघडतं. पाच वर्षांखालचं मूल असेल तर कुलूप लावता येणारं कुंपण असलेलं घर घ्या, नाहीतर पूल नसलेलं घ्या, खरंच, समुद्र आहे की बाहेर. खोली विचारा, उथळ बाजू किती फूट. आणि आल्याबरोबर पाळ्या लावा, अर्धा अर्धा तास, त्या अर्ध्या तासात तो एक मोठा माणूस फक्त पाण्याकडे बघेल, हातात मोबाईल नाही, गप्पा नाहीत, ग्लास नाही. दहा मोठी माणसं पूलभोवती बसलेली असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, आणि पोर बुडताना ओरडत नाही, गुपचूप खाली जातं.

स्वयंपाकघर आपल्या लोकांसाठी अर्धी ट्रिप असते. नॉनव्हेज शिजवलेलं चालतं का विचारा, काही मालकांना चालत नाही. सिलिंडर भरलेला, मिक्सर, कुकर, मोठी कढई, तवा आणि पोळपाट-लाटणं आहे का, पोळपाट-लाटणं नसतंच, घरून आणा. स्वयंपाकाला बाई मिळत असेल तर एक दिवस तरी त्यांच्या हातचं हुमण, म्हणजे माशाची आमटी, आणि तळलेली मासळी खा. बाजार म्हापशाचा नाहीतर मडगावचा, सकाळी आठच्या आत, बांगडे, विसवण (सुरमई), सुंगटं (कोळंबी), तिसऱ्या, भाव करून घ्या. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार जमला तर मयड्याची केळी जरूर घ्या. पाव विकत घ्यायला कुठे जायचं नाही, सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो, पोळी म्हणून मिळणारे ते कोंड्याचे पाव गरम गरम चहाबरोबर, मुलांना भोंगा ऐकला की पळत गेटवर पाठवा. कचरा ओला-सुका वेगळा करावा लागतो, पंचायतीची गाडी कोणत्या दिवशी येते ते केअरटेकरला विचारून घ्या, ती गावं आमची घरं आहेत.

समुद्राचं थोडं समजून घ्या

कोकणातल्या लोकांना हे माहीत असतं, देशावरच्यांसाठी सांगते. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती असते, साधारण दुपारी अकरा-बाराच्या सुमारास, आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या आसपास. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. म्हणजे पाळोळ्याच्या बेटावर जायचं असेल किंवा बाणावलीला आजोबांना घट्ट वाळूवर चालायचं असेल तर पंचांग बघून दिवस ठरवता येतो.

लाटा कमी दिसतात ती जागा सुरक्षित असते असं वाटतं, ते उलट आहे. दोन्ही बाजूंना फेसाळ लाटा फुटतायत आणि मधला पट्टा गुळगुळीत, थोडा गढूळ, तर तिथून पाणी आत परत जात असतं आणि माणसाला घेऊन जातं. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झटापट करायची नाही, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला यायचं, हात वर करून ओरडायचं. नदीच्या मुखाशी आणि खडकांजवळ कधीच नाही. लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात त्यांच्या मध्येच उतरा, नुसता लाल झेंडा असेल तर घोट्यापर्यंतसुद्धा नको. २००८ पासून गोवा सरकारने नेमलेल्या दृष्टी संस्थेचे लाइफगार्ड असतात, पण रात्री नसतात, म्हणून जेवणानंतर "जरा पाय भिजवून येऊ" हे टाळा. किनाऱ्यावर गाडी नेणं आणि दारू पिणं दोन्हीला बंदी आहे, उघड्यावर पिण्याला दंड आहे. रुग्णवाहिकेला १०८.

पोचलात त्या संध्याकाळी पूलमध्ये उड्या मारायच्या आधी सगळे एकत्र किनाऱ्यावर जा, सूर्य मावळायच्या तासभर आधी, आणि टॉवरवरच्या लाइफगार्डला जाऊन विचारा, दादा, चार दिवस आहोत, मुलांना कुठे उतरवू आणि कुठे नको? ते रोज तो तुकडा बघत असतात, वाळूखाली खड्डा कुठे झालाय, ओढ कुठून आहे, आज जेलीफिश आलेत का, सगळं बोटाने दाखवतात. आजीसाठी एक हलकी खुर्ची गाडीत टाकून ठेवा, ती त्यांनी दाखवलेल्या जागेच्या बरोबर मागे लावा.